सगळं वगळणारा जावई

झुहैर शेखना खरं सांगणार नाही, ही काळजी काही केल्या मनातून जात नाही.

झुहैर माझा जावई, उल्फाचा नवरा. शेख म्हणजे सी मन्नूबी. ट्युनिशियातल्या आमच्या तस्तूर गावात मालूफ, म्हणजे आमचं जुनं अंदलूसी गाणं, शिकवणारे आता तेवढेच उरले आहेत. अंदलूसहून, म्हणजे स्पेनमधून, हाकलल्यावर आमचे पूर्वज जी गाणी तोंडात घेऊन इथे आले, ती पुढच्यांच्या तोंडात घालण्याचं काम सी मन्नूबींनी आयुष्यभर केलं. मागच्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. तो उरला फक्त ध्वनिमुद्रणात, आणि ती सगळी ध्वनिमुद्रणं झुहैरच्या ताब्यात होती. होती, असंच म्हणावं लागतंय.

झुहैरला दुष्ट म्हणावं, तर दुष्ट व्हायला थोडी चिकाटी लागते. ती त्याच्याकडे नाही. त्याच्या वडिलांकडे होती, पण त्यांनी ती चांगल्या कामाला लावली. हसूना रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांचं दुकान चौकाच्या कडेला होतं. उघडलेल्या रेडिओचे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ते वर्तमानपत्रावर मांडायचे. मध्येच गिऱ्हाईक बोलायला लागलं की नुसतं बोट वर करायचे. मुलगा हाताखाली बसायला लागला तेव्हापासून त्या दुकानात स्क्रू उरायला लागले.

"कारखानेवाले जास्तीचे घालतात, बाबा," झुहैर म्हणायचा.

हसूना उरलेले स्क्रू डब्यात टाकायचे आणि म्हणायचे, "देवा, याला सरकारी नोकरी दे." देवाने ऐकलं. झुहैर नगरपालिकेत लागला, आणि तस्तूरचे रेडिओ वाचले.

लिहिलेलं शेवटपर्यंत वाचायचं असतं, हे त्याला कधी पटलंच नाही. औषधाच्या बाटलीवरचं असो की पंपाच्या खोक्यावरचं, पहिली ओळ वाचून तो म्हणतो, "कळलं, कळलं." विहिरीत पाणी नसताना पंप चालवू नये, हे त्या खोक्यावर तिसऱ्या ओळीत होतं. पंप जळल्यावर मी त्याला ते दाखवलं. "मावशी, एवढं बारीक कोण लिहितं हो?" असं म्हणून त्याने दोष छापणाऱ्यावर ढकलला आणि जेवायला बसला.

निकाहाचे कागद करायला नोटरी आमच्या घरी आले होते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "मालमत्ता दोघांची एकत्र की वेगवेगळी?" उल्फा खाली बघत होती. झुहैर म्हणाला, "जे सगळे करतात ते टाका."

नोटरींनी चष्मा काढला. "बाळा, लग्न सगळ्यांचं नाही, तुझं आहे."

सगळे हसले. झुहैरही हसला, आणि बोट दाखवलं तिथे सही करून मोकळा झाला. काय निवडलं ते त्याला आजही माहीत नसेल. मी तेव्हाच उल्फाकडे बघितलं होतं. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं.

कॉम्प्युटरचं वेड त्याला ट्युनिसमध्ये लागलं. तिथे त्याने कुठलासा कोर्स अर्धा केला. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणजे काय, ते बघायचं असेल तर त्याला कॅफेत बसलेला बघावा. हुक्क्याची नळी एका हातात, आणि दुसऱ्या हाताने तो जगाला मोकळं करत असतो. "तुम्ही सगळे पिंजऱ्यात आहात, मावशी. विकत घेतलेल्या पिंजऱ्यात! मी तुमच्या कॉम्प्युटरला फुकटचं लिनक्स घालून देतो." मी नको म्हणायच्या आत त्याने घालूनही दिलं. खरं सांगायचं तर माझा राग त्या लिनक्सवर नाही. मी कॉलेजात भूगोल शिकवायची, जुने नकाशे अजून त्याच कॉम्प्युटरवर बघते, आणि तो बिचारा निमूटपणे चालतो. चूक झाली की तो तसं सांगतोही. पण सांगितलेलं वाचणारा हवा ना!

एका गोष्टीचं श्रेय मात्र त्याला दिलंच पाहिजे. शेखांचा घसा दुखायला लागला होता, डॉक्टर ऑपरेशन म्हणत होते, तेव्हा आवाज टिपून ठेवायची कल्पना झुहैरची. शेखांच्या घरातली खालची खोली म्हणजेच आमच्या मालूफ मंडळींची खोली. त्याने तिथल्या खिडक्यांना घोंगड्या टांगल्या, वरच्या मजल्यावरचा फ्रिज बंद करायला लावला, रस्त्यावरच्या पोरांना ओरडून हाकललं. शेख दोन हिवाळे त्या खोलीत बसून गायले. गाता गाता थांबून सांगायचे, "इथे श्वास." "इथे घाई करू नका, मागे घोडा लागलेला नाही." "हे माझ्या गुरूंनी असं म्हटलं होतं, मला ते पटत नाही, पण तुम्ही असंच म्हणा." शब्द पुस्तकात मिळतात. श्वास कुठे घ्यायचा ते कुठल्याच पुस्तकात नाही.

शेखांची अट एकच होती. "मी हो म्हणेपर्यंत यातलं एकही गाणं खोलीबाहेर जाणार नाही." जुने शेख तसंच करायचे. शिष्य तयार झाल्याशिवाय चाल हातात द्यायची नाही, आणि कोण तयार झालाय ते शेखांनीच ठरवायचं. म्हणून दुसरी प्रत कुठेच नव्हती. सगळं होतं त्या एका खोलीतल्या एका कॉम्प्युटरवर. एका शुक्रवारी सगळ्यांसमोर शेखांनी झुहैरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या घराची किल्ली आता याच्याकडे आहे." झुहैर डोळे पुसत होता. मला वाटतं, त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं. किल्ली सांभाळायची असते. त्याला वाटलं, ती मिरवायची असते.

पहिला पराक्रम म्हणजे ती सगळी गाणी त्याने एका मोठ्या झिप फाईलमध्ये कोंबली आणि सुटी गाणी पुसून टाकली. का, तर जागा वाचावी. किती वाचली विचारलं, तर म्हणाला, "फारशी नाही, पण नीटनेटकं दिसतं." जागा कशाला हवी होती, तर फुटबॉलच्या जुन्या सामन्यांना. ते तो शेखांच्या घरच्या इंटरनेटवर उतरवून कॅफेत दाखवतो, कारण त्याच्या घरच्यापेक्षा ते जोरात चालतं.

या शरदात शेखांनी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली. बोटाने एकेका शिष्याकडे दाखवलं आणि ज्याला जे द्यायचं ते पाटीवर लिहिलं. माझ्या नावासमोर एका नौबाचा शेवटचा भाग होता. नौबा म्हणजे गाण्यांची लांब माळ. तिच्या शेवटाकडे येईपर्यंत पुरुषांचे आवाज थकलेले असतात आणि आम्ही बायका ती उचलतो. तो भाग त्यांनी मला द्यावा याचा मला किती आनंद झाला ते इथे लिहीत नाही.

शुक्रवारी मी फोन घेऊन गेले. खोलीत झुहैर एकटाच होता. वर शेखांची बायको लल्ला शेलबिया कसलासा मसाला कुटत होती, त्याचे ठोके ऐकू येत होते.

"आणा मावशी. अरे वा, हा फोन म्युझियममधला की काय?"

"गाणं टाक आणि गप्प बस."

"तुम्हाला म्हणून दाखवतो, बघा किती सोपं केलंय मी." त्याने एक गाणं लावलं आणि खोलीत शेखांचा आवाज उभा राहिला. वरचे ठोके थांबले. झुहैरने माझ्याकडे असं बघितलं, जणू तोच गात होता.

"माझं लाव."

त्याने माझं लावलं. काहीच नाही. पुन्हा लावलं. काहीच नाही. वर ठोके पुन्हा सुरू झाले.

"आवाज कमी असेल," तो म्हणाला.

"आत्ताच तर वाजलं की."

"ते वेगळं." त्याने दुसरं लावलं, तिसरं लावलं. नावं सगळी होती, ओळीने, शेखांनी सांगितली तशीच. आत काही नव्हतं. दारावर पाट्या, आणि घरात माणूस नाही.

मी वाकून बघितलं. प्रत्येक नावापुढे फाईल केवढी ते लिहिलेलं असतं. पहिल्या काही नावांपुढे आकडे होते. खाली सगळीकडे शून्य.

"झुहैर, हे शून्य काय आहे?"

"ते असंच दाखवतं कधी कधी."

"मूळ फाईल उघड."

तो माऊस उगाच इकडेतिकडे फिरवत राहिला.

"अरे, ती मोठी फाईल उघड ना."

"ती काढून टाकली."

"कचरापेटीतून परत आण."

"कचरापेटीत नाही टाकली. डिस्क भरली होती हो मावशी, म्हणून थेट काढली. आणि मी तपासलं होतं! पहिली काही गाणी वाजवली, मस्त वाजली. नावं मोजली, बरोबर भरली. याच्यापेक्षा जास्त कोण तपासतं?"

मग एकेक गोष्ट ओढून काढावी लागली, पायात रुतलेला काटा काढावा तशी. झिप फाईलवर दोनदा टिचकी मारली की ती फाईल मॅनेजरमध्ये बाजूला एखाद्या पेनड्राइव्हसारखी दिसायला लागते. आत गेलं की साध्या कपाटासारखी उघडते. झुहैरचा त्यावर फार जीव. "पूर्ण उलगडत बसायची गरजच नाही, मी ती बसवतो आणि आतून ओढून घेतो," असं तो कॅफेत सांगत असतो. याही वेळी त्याने ती तशीच बसवली आणि सगळी गाणी एकदम पकडून दुसऱ्या कप्प्यात ओढली. काही आली. मग काम अडलं आणि पडद्यावर एक चौकट आली.

"काय लिहिलं होतं चौकटीत?"

"नेहमीचंच. कॉपी करताना अडचण आली वगैरे."

"वगैरे म्हणजे?"

"मावशी, त्या चौकटी येतच असतात. खाली बटणं असतात. रद्द करा, वगळा, सगळे वगळा."

"मग तू काय दाबलंस?"

त्याने खांदे उडवले. "सगळे वगळा. नाहीतर प्रत्येक गाण्याला विचारत बसतं. कोण बसणार तिथे?"

कोण बसणार तिथे! एक म्हातारा घसा कापून घेण्याआधी दोन हिवाळे बसला होता तिथे. मी हे मोठ्याने म्हणाले की नाही ते आठवत नाही. म्हणाले असेन, कारण त्याने उठून दार लोटलं.

"हळू बोला, वर ऐकू जातं. चूक माझी नाहीये. हा प्रणालीतला दोष आहे, सगळ्या जगाला माहीत आहे. मी लिहिलंय लिनक्सवाल्यांना."

"मग कळवलं का त्यांनी?"

त्याने नाइलाजाने पान उघडलं. कुणा परक्या माणसाने शांतपणे, मुद्द्याचं उत्तर लिहिलं होतं. अशा बसवलेल्या फाईलमधून खूप काही एकदम ओढलं की कधी कधी मध्येच तुटतं आणि नुसती रिकामी नावं उरतात. अशा वेळी आधी झिप डिस्कवर पूर्ण उलगडावी आणि मगच मूळ काढावी. पण यापुढचं महत्त्वाचं होतं. पुसलेली फाईल लगेच नाहीशी होत नाही. घराची पाटी काढली तरी सामान आतच असतं. पण घर रिकामं समजून दुसरं कुणी राहायला आलं, की जुनं सामान गेलं. म्हणून कॉम्प्युटर ताबडतोब बंद करा, त्यावर नवीन काहीही उतरवू नका, आणि डिस्क काढून जाणत्या माणसाकडे न्या. जेवढा उशीर कराल तेवढं कमी परत मिळेल.

"हे कधी आलं?"

"मंगळवारी की कधीतरी." म्हणजे मला गाणी लावून दाखवायच्या आधीच त्याला सगळं माहीत होतं.

"शेवटपर्यंत वाचलंस?"

"ते लोक वाढवूनच सांगतात, मावशी. घाबरवायची सवय असते त्यांना."

त्याच पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. सामना उतरत होता. मी ती पट्टी बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. त्याने ती थांबवली, पण चेहरा असा की जणू लहान पोराच्या हातून खाऊ काढून घेतला.

"आता बंद कर ते, आणि वर जाऊन शेखना सांग."

तो घाबरला. खरंच घाबरला, ओठ पांढरे पडले. क्षणभर मला त्याची दया आली. मग तो बोलायला लागला आणि दया गेली.

"मावशी, तुमच्या पाया पडतो. सगळ्यांसमोर त्यांनी मला किल्ली म्हटलंय. माझी काय इज्जत राहील? मी काहीतरी करतो. मला थोडे दिवस द्या. जी वाजतात ती आधी वाटू, बाकीची नंतर देतो म्हणू. म्हाताऱ्याला काय कळतंय? त्यांना तर... " तो थांबला.

"त्यांना तर काय? त्यांना बोलता येत नाही, असंच ना?"

आणि मी, देव मला क्षमा करो, लेकीचा विचार करून घरी आले. दोन दिवस देते म्हणाले. कॉम्प्युटर बंद ठेवायची शपथ त्याने घेतली. कशाची घेतली? स्वतःच्या मुलीची.

आज संध्याकाळी उल्फा बिहीची फळं घेऊन आली, मुरंब्यासाठी. त्या फळांच्या वासाने घर भरलं. फळं चिरता चिरता मी विचारलं, "काय, सांगितलं का त्याने शेखना?"

"आई, परत तेच?"

"परत नाही. अजून तेच."

"तो झोपत नाही गं नीट. जेवत नाही."

"वजन तर तसं काही सांगत नाही."

"आई!" तिला हसू आलं, मग राग आला. "तुला तो कधी आवडलाच नाही. नोटरी आले होते त्या दिवसापासून तू त्याच्या चुका गोळा करते आहेस. गावात त्याची नाचक्की झाली तर कुणाची होईल? माझी. मुलीची. तो सांगेल, वेळ आली की सांगेल."

"वेळ आली की म्हणजे कधी?"

"तो म्हणतो, शेख थकलेत. कशाला त्यांना त्रास द्यायचा, थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी सुरी खाली ठेवली. माझा जावई शेखांच्या मरणाची वाट बघतोय, तेही दुष्टपणे नाही, आळसाने. चौकट आपोआप निघून जाईल म्हणून.

उल्फाला ते कळलं नव्हतं. शालीची गाठ मारताना ती सहज म्हणाली, "मला लवकर जायला हवं. आज तो तिकडेच होता, उद्या कॅफेत जुने कप सामने दाखवायचेत. रात्रभर उतरत राहतील म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवून आलाय. सकाळी घेऊन येईल."

"शेखांच्या खोलीतला?"

"मग काय, आमचा? आमचं इंटरनेट तर रडतं."

तिला मागच्या मुरंब्याची बरणी दिली, दारापर्यंत गेले, नातीसाठी पापा दिला. ती गेल्यावर फळं तशीच चिरलेली राहिली आणि काळी पडली.

मी शहाणपणाने विचार करून बघितला. झुहैरला फोन केला, तर तो हो म्हणेल आणि कूस बदलेल. सकाळपर्यंत थांबले, तर लाज थोडी झाकली जाईल, उल्फा माझ्याशी बोलत राहील, आणि शेखांच्या आवाजावर रात्रभर कुणीतरी गोल करत राहील. किती गाणी अजून त्या डिस्कवर आहेत, मला माहीत नाही. सगळी असतील. एकही नसेल. पण आत्ता जेवढी आहेत तेवढी सकाळी नसतील, हे त्या परक्या माणसाने साध्या शब्दांत लिहिलं होतं, आणि मी ते शेवटपर्यंत वाचलं आहे.

उल्फा रागावेल. कदाचित ईदेलाही येणार नाही. नातीला माझ्याकडे पाठवणार नाही, ही भीती तर सगळ्यात मोठी. जावयाला सासूने गावात उघडं पाडलं, असं बायका हमामात म्हणतील, आणि खोटं म्हणणार नाहीत.

लल्ला शेलबियाची झोप सावध आहे, फोन तीच उचलते. तिला आधी सांगणार आहे की खाली जा, आणि कॉम्प्युटरची तार भिंतीतून उपटून काढ. बटणं शोधू नको, पडद्यावर काय लिहिलंय ते बघू नको, सरळ उपट. मग खोलीला कुलूप लाव आणि कुणी मागितलं तरी किल्ली देऊ नको. माझ्या जावयाने मागितली तरी नाही. त्याने मागितली तर मुळीच नाही. आणि मग फोन शेखांच्या कानाला लावायला सांगणार आहे. त्यांना काही बोलता येणार नाही, पण ऐकू सगळं येतं.